शिरूर-दौंडच्या अंधाराला उजेडाचे ग्रहण

पुण्यात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या रूपाने १९४४ पासून रुजली आहे. मात्र अंधुक दीर्घिका पाहायच्या, तर अमावास्येच्या सुमारास शहर सोडावेच लागते. पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे अवर्षणप्रवण तालुके त्यासाठी सोयीचे. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारे कोरडे आकाश दुर्बिणीला मानवते. पण रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, महामार्गांवरचे ढाबे आणि पश्चिमेला पसरत चाललेले पुणे यांच्या उजेडाने हा अंधार आक्रसू लागला आहे.

मोठी दुर्बीण घेतली की प्रश्न मिटला, असे नव्हे. तारा हा प्रकाशाचा बिंदू. दुर्बिणीचा आरसा जितका मोठा, तितका तो ठळक. दीर्घिकेचा प्रकाश मात्र पसरलेला असतो आणि दुर्बीण तिच्यासोबत मागच्या आकाशाचा उजेडही त्याच प्रमाणात गोळा करते. आकाशच उजळलेले असेल, तर दीर्घिका त्यात विरून जाते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका गर्द अंधारात नुसत्या डोळ्यांनी दिसते. कन्या राशीतील दीर्घिकासमूह साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. त्यातील दीर्घिका आठ इंची दुर्बिणीतूनही धुरकट ठिपक्यांसारख्याच दिसतात. अनेक तर नजर किंचित बाजूला वळवल्यावरच जाणवतात. त्यासाठी डोळे अंधाराला सरावण्यास अर्धा तास लागतो आणि मोटारीच्या दिव्याची एक तिरीप तो वाया घालवते.

या भागात अंधाराची बाजू घेणे सोपे नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेले. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्यांना ‘दिवे मालवा’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही दुर्बीणवाल्याला नाही. प्रश्न दिवे असण्याचा नसून त्यांचे तोंड कोठे आहे, याचा आहे. आकाशाकडे जाणारा उजेड वाटसरूच्या उपयोगाचा नसतो, त्याचे बिल मात्र ग्रामपंचायत भरते. उघडा दिवा डोळ्यांवर आला, तर फडाच्या कडेची हालचालही दिसत नाही.

विदर्भातील पेंच व्याघ्रप्रकल्पाने यातून मार्ग काढला. परिसरातील गावांमधील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. रांजणगाव-कुरकुंभच्या पट्ट्याला पेंचची शांतता लाभणार नाही, हे उघड आहे. तरीही नव्या दिव्यांच्या निविदेत वरून झाकलेल्या, पिवळसर प्रकाशाच्या दिव्यांची अट घालणे ग्रामपंचायती आणि औद्योगिक वसाहतींच्या आवाक्यातील आहे.