पट्टा किती खाली?

गेल्या जयंतीच्या हंगामात माझा भाचा रात्री एक-दीडला ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाहून यायचा आणि सकाळी चहा पिताना डावा हात झटकत बसायचा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या. दिवसा तो लेथवर काम करतो. लेथवर बधिर हात म्हणजे काय, हे कामगाराच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ताई घाबरली व तिने मला बोलावले.

मी त्याचा एक कार्यक्रम पाहिला. बेस गिटार पार मांड्यांपर्यंत लोंबत होती. विचारले तर म्हणाला, "मामा, पोस्टरात सगळे अशीच घेतात."

सगळे नाही घेत. अमेरिकेच्या रामोन्समधला डी डी रामोन गिटार खूप खाली सोडायचा, हे खरे. पण इंग्लंडच्या लेव्हल ४२ चा मार्क किंग ती छातीजवळ धरतो, आणि अंगठ्याने तारा ठोकून वाजवण्यात त्याचे नाव मोठे आहे. पोस्टर पाहून पट्टा ठरवायचा तर आधी कुणाचे पोस्टर, हे ठरवावे लागेल!

पूर्वी खर्जाचे काम डबल बेस करायचा. माणसाहून उंच वाद्य, पण टेकलेले जमिनीवर. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' काढला आणि ते काम वादकाच्या खांद्यावर आले. अशा गिटारचे वजन साधारण चार किलो असते. तारेची लांबी ३४ इंच, साध्या इलेक्ट्रिक गिटारची सुमारे २५. म्हणजे डावा हात मुळातच लांब न्यावा लागतो. त्यात गिटार खाली गेली की बोटे तारांवर पोचवण्यासाठी डावे मनगट दुमडते. मनगटातल्या अरुंद जागेतून एक नस जाते. ती दबली की अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. भाच्याची नेमकी हीच बोटे. उलट गिटार फार वर ओढली तर उजवे मनगट मोडते.

मग उंची ठरवायची कशी? पाठ नसलेल्या स्टुलावर ताठ बसा. गिटार मांडीवर ठेवा, दांडा थोडा वर. आता पट्टा गळ्यात घालून ताण बसेपर्यंत आवळा आणि उभे राहा. गिटार जागची हलता कामा नये. डावा हात दांड्याच्या अगदी टोकाच्या पट्टीवर नेऊन पाहा. मनगट जवळपास सरळ राहिले पाहिजे, आणि उजवा खांदा उचललेला नको. नाही जमले तर इंचाइंचाने सरकवा. उभ्याने एक गाणे पूर्ण वाजवल्याशिवाय पक्के करू नका.

पट्टा तीन इंच रुंद घ्या, म्हणजे ओझे खांद्यावर पसरते. आतून खरबरीत चामडे असेल तर उत्तम. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा सरकतो, दांडा खाली झुकतो, आणि वाजवणारा डावा हातच तो उचलून धरत बसतो. गिटारच्या बटणावर पट्ट्याचे भोक सैल झाले असेल तर वरून रबरी वॉशर दाबून बसवा. भर गाण्यात गिटार खाली पडली तर दुरुस्तीचा खर्च सुपारीतून निघत नाही.

मात्र मुंग्या रात्री झोपेतून उठवू लागल्या, किंवा हातातून वस्तू निसटू लागली, तर नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका. वाजवणे थांबवून डॉक्टरांना हात दाखवा. भाच्याला आम्ही आधी तिथेच नेले, मग पट्ट्याला हात घातला.

आता त्याची गिटार बेंबीशी असते. पहिल्या दिवशी ढोलकीवाल्याने "पोर काखेला मारलंय का?" म्हणून चिडवले. भाच्याने रागाने पट्टा पुन्हा सोडला. दुसऱ्या दिवशी ताईने तो बरोबर मापावर आणला आणि बकलाशेजारी लाल दोऱ्याने चार टाके घालून शिवून टाकला.