आधी शाखा गेली, मग चिन्ह

अंबरनाथ नगरपरिषदेच्या ५९ सदस्यांची व नगराध्यक्षाची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. तीत श्री. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला २७, भारतीय जनता पक्षाला १४, काँग्रेसला १२ आणि राष्ट्रवादीला ४ जागा मिळाल्या; दोन अपक्ष निवडून आले. नगराध्यक्षपद भाजपने जिंकले. या हिशेबात श्री. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे नाव नाही, कारण नोंद करावी अशी एकही जागा त्या पक्षाच्या वाट्याला आली नाही. शेजारच्या कुळगाव-बदलापुरात नगराध्यक्षपदाची खरी झुंज भाजप आणि शिंदे पक्ष यांच्यातच झाली व ती भाजपने जिंकली. पुढच्याच महिन्यात उल्हासनगर महापालिकेच्या ७८ जागांपैकी ३७ भाजपने व ३६ शिंदे पक्षाने घेतल्या. बाकी सर्वांसाठी मिळून उरल्या पाच.

त्याच जानेवारीत मुंबई महापालिकेत ठाकरे यांच्या पक्षाने २२७ पैकी ६५ जागा मिळवल्या. सत्ता गेली, पण पक्ष संपलेला नाही, हे त्या आकड्याने सिद्ध केले. मग मुंबईहून लोकलने तासा-सव्वा तासाच्या अंतरावर असलेल्या या तीन शहरांत त्याचे नामोनिशाण का उरू नये? ही शहरे या पक्षाला परकी नव्हती. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबाग-गिरगावातून उठलेला मराठी संसार ज्या दिशांना सरकत गेला, त्यांपैकी एक दिशा हीच. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार वस्तीचे कुळगाव-बदलापूर २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेले, त्यात या स्थलांतराचा वाटा मोठा आहे. म्हणजे शिवसेनेचा मतदार शिवसेना सोडून गेला नव्हता. तो फक्त कल्याणच्या पलीकडे राहावयास गेला होता. जेथे मतदार आला तेथेच पक्ष नाहीसा व्हावा, हे कोडे उलगडल्याखेरीज त्या पक्षाच्या भवितव्याविषयी काही बोलणे व्यर्थ होईल.

फुटीचे स्पष्टीकरण अपुरे

या कोड्याचे सोपे उत्तर पक्षाचे नेते देतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. जून २०२२ मध्ये शिंदे यांनी बंड केले, २९ जूनला ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी शिंदे त्या पदावर आले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे यांना दिला. ठाणे जिल्हा हे तर त्यांचे माहेरघर. कल्याण लोकसभा मतदारसंघात त्यांचे चिरंजीव डॉ. श्रीकांत शिंदे २०१४ पासून निवडून येत आहेत आणि २०२४ मध्ये त्यांनी ठाकरे पक्षाच्या उमेदवार श्रीमती वैशाली दरेकर-राणे यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. अंबरनाथ राखीव मतदारसंघातून २००९ पासून सतत निवडून येणारे डॉ. बालाजी किणीकर हेही शिंदे यांच्याबरोबर गेले व २०२४ मध्ये पुन्हा विजयी झाले. नाव गेले, चिन्ह गेले, खासदार-आमदार गेले. मग उरणार काय, असा हा युक्तिवाद आहे.

परंतु नाव आणि चिन्ह मुंबईतही गेले होते. आमदार-खासदार तेथेही गेले होते. तरीही तेथे मशालीला मते पडली. तेव्हा आयोगाच्या निकालाने जे घडले ते सर्वत्र सारखे घडले नाही. जेथे शाखा जिवंत होती तेथे चिन्ह बदलल्यावरही माणसे राहिली. जेथे शाखा आधीच निराळी वस्तू झाली होती तेथे चिन्हाबरोबर सर्वच गेले. या तीन शहरांतील शिवसेनेचे दुखणे २०२२ च्या पुष्कळ आधीचे आहे.

शाखा म्हणजे काय होती

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने वर्षभरात ठाणे नगरपालिका हस्तगत केली. तिला ना विस्तृत तत्त्वज्ञान होते, ना कार्यक्रमाची बाडे. तिचे बळ शाखेत होते. गटप्रमुख, शाखाप्रमुख, शहरप्रमुख अशी उतरंड आणि संध्याकाळी उघडणारी एक खोली, एवढाच तिचा पसारा. शाळेतला प्रवेश, रुग्णवाहिका, नळाचे पाणी, घरमालकाशी तंटा, नोकरीचा अर्ज, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीची सोय: सरकारी कचेरीत ज्याला कोणी उभे करीत नाही त्याने शाखेची पायरी चढावी आणि काम व्हावे, असा तो व्यवहार होता. त्यात दांडगाई होती, परप्रांतीयांविरुद्धची हिंसा होती, कायद्याविषयीची बेफिकिरी होती. त्याचे समर्थन करता येणार नाही. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने ते एक उघडे दार होते, हेही नाकारता येणार नाही. ठाणे जिल्ह्यात आनंद दिघे यांनी हा व्यवहार पराकोटीला नेला. २६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्यापाशी विधानसभेचे वा पालिकेचे सभासदत्व नव्हते; होता तो टेंभी नाक्यावरचा दरबार.

अंबरनाथची साक्ष या बाबतीत विशेष बोलकी आहे. १९९०, १९९५ आणि १९९९ अशा तीन निवडणुकांत त्या मतदारसंघाने शिवसेनेच्या साबीर शेख यांना विधानसभेवर पाठवले. ते मनोहर जोशी मंत्रिमंडळात कामगारमंत्री होते. हिंदुत्वाची घोषणा ऐन भरात असताना या पक्षाच्या मतदाराने एका मुसलमान शिवसैनिकाला तीनदा निवडून द्यावे, याचा अर्थ घोषणेपेक्षा ओळखीच्या कार्यकर्त्यावरचा विश्वास मोठा होता. कारखान्यांच्या अंबरनाथला तो कामगारांचा माणूस वाटला, एवढे पुरेसे झाले.

हे बळ कशाने ओसरले? शहरे वाढू लागली, जमिनीला भाव आला आणि नगरसेवकपद ही सेवेची नव्हे, तर व्यवसायाची पायरी झाली. बांधकामाची परवानगी, रस्त्याचे कंत्राट, पाण्याची जोडणी यांच्या भोवती नवे कार्यकर्ते जमले. शाखाप्रमुख नगरसेवक झाला, नगरसेवक बिल्डरांचा भागीदार झाला आणि शाखेची खोली त्याच्या संपर्क कार्यालयात रूपांतरित झाली. फलकावरील मजकूर तोच राहिला, पायरी मात्र उंच झाली. हे एकट्या शिवसेनेतच घडले असे नाही. पण ज्या पक्षाकडे शाखेवाचून दुसरी पुंजी नव्हती, त्याला त्याचा फटका सर्वांत जबर बसणे अपरिहार्य होते.

फोडाफोडीचे व्याकरण

उल्हासनगरने या अधोगतीला आपला रंग दिला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले हे शहर व्यापाराने आणि कारखानदारीने गजबजले, पण त्याचे राजकारण पक्षांपेक्षा घराण्यांच्या व गटांच्या हिशेबाने चालले. तेथे पक्ष ही छत्री असते. पावसाचा रंग पाहून ती बदलतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजपच्या तिकिटावर निवडून आलेल्या कलानी गटाच्या नगरसेवकांना आपल्याकडे ओढून शिवसेनेने तेथील महापौरपद मिळवले, त्या वेळी पक्ष एकसंध होता आणि त्याचे नेतृत्व उद्धव ठाकरे यांच्याकडेच होते. त्या विजयाचा आनंद साजरा करताना कोणाला वाटले नसेल की, निवडून आलेली माणसे उचलून सत्ता मिळवण्याचे जे व्याकरण आपण गिरवीत आहोत ते तीन वर्षांनी आपल्यावरच उलटेल. २०२६ च्या निवडणुकीत तोच कलानी गट शिंदे पक्षाचा सोबती होता.

अंबरनाथमध्ये या व्याकरणाचा कळस झाला. बहुमत कोणालाच नसल्याने जानेवारी २०२६ मध्ये भाजप आणि काँग्रेस हे तेथे एकत्र आले. दोन्ही पक्षांच्या वरिष्ठांनी हात झटकले, काँग्रेसने आपल्या बाराही नगरसेवकांना निलंबित केले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी भाजपचा रस्ता धरला. मतदाराने कोणाला मत दिले होते, हा प्रश्न या सर्व उलाढालीत कोणी विचारला नाही.

आणखी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपली. प्रथम साथीमुळे आणि नंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबल्या व २०२५ अखेरपर्यंत तेथे प्रशासकांचे राज्य राहिले. उल्हासनगरातही २०२२ पासून तीच स्थिती होती. निर्वाचित सभागृह नसले की गटाराचे कामही मंत्रालयाच्या मर्जीने होते, आणि मर्जी ज्याच्या हाती त्याच्याकडे कार्यकर्ता जातो. विरोधी पक्षाला सभागृहात उभे राहून प्रश्न विचारण्याची जी एकमेव जागा असते ती या काळात बंद होती. लोकशाहीतील हा खंड सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडला. पण रस्त्यावर उभे राहण्याची जागा कोणी बंद केली नव्हती, याचाही विचार ठाकरे यांच्या अनुयायांनी केला पाहिजे.

जमाव होता, शाखा नव्हती

२० ऑगस्ट २०२४ चा दिवस या संदर्भात विसरता येत नाही. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि हजारो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. सुमारे दहा तास गाड्या थांबल्या. एके काळी असा जमाव शिवसेनेच्या हाकेने जमला असता. त्याला नेता असता, मागण्या असत्या, आणि जमाव पांगल्यावर पाठपुरावा करणारी शाखा असती. त्या दिवशी लोक होते, संताप होता, पण त्याला धरून ठेवणारी संघटना कोणाचीच नव्हती. मुंबईत नेत्यांनी निषेध केला, बंदची हाक दिली, न्यायालयाने मनाई केल्यावर काळ्या फिती लावल्या. तीन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि या परिसरातून सत्ताधारी आघाडीचेच आमदार पुन्हा निवडून आले. लोक विसरले असे म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या संतापाला नोव्हेंबरपर्यंत सोबत कोणी केली, हा प्रश्न अधिक योग्य ठरेल. जानेवारी २०२६ मध्ये त्याच प्रकरणात आरोपी म्हणून नाव आलेल्या एका गृहस्थाची बदलापूर नगरपरिषदेवर स्वीकृत सदस्य म्हणून वर्णी लागली व ओरड होताच त्याला राजीनामा द्यावा लागला. लोकमत मेलेले नाही, हे त्यातून दिसले. त्याला वाली मात्र हवा आहे.

आता पुढे काय? ५ जुलै २०२५ रोजी वरळीत श्री. राज ठाकरे व उद्धव ठाकरे एका व्यासपीठावर आले, तेव्हा पुष्कळांना गेलेले दिवस परत आल्यासारखे वाटले. परंतु महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची कथाही या पट्ट्यात निराळी नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या त्या पक्षाने २००९ मध्ये विधानसभेच्या तेरा जागा जिंकल्या, त्यांत कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीण होत्या. २०२४ मध्ये त्याच्या हाती एकही राहिली नाही. जानेवारी २०२६ च्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या निवडणुकीनंतर त्याच्या पाच नगरसेवकांनी शिंदे पक्षालाच पाठिंबा दिला. भावांची भेट मुंबईत मते मिळवून देईल; उल्हास नदीच्या काठी ती पुरेशी नाही. न्यायालयाच्या निकालावर सर्व आशा ठेवणेही तितकेच भ्रामक आहे. धनुष्यबाण न्यायालय देऊ शकेल, पण शाखाप्रमुख कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

कामाला मात्र तोटा नाही. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने जादा मार्गिका मंजूर होऊन वर्षे लोटली, आणि बदलापूरचा नोकरदार रोज दाराला लोंबकळून जातो. वालधुनीचे पाणी रसायनांनी रंगलेले आहे. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली, आणि अशा कित्येक इमारतींत माणसे अद्याप झोपतात. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली, तरी नदीपात्रालगतची बांधकामे वाढतच राहिली. यांपैकी एकही प्रश्न सोडवण्यासाठी सत्ता लागत नाही, असे नव्हे. पण तो लावून धरण्यासाठी सत्ता लागत नाही.

या तीन शहरांत आज सत्ताधारी आणि विरोधक ही दोन्ही कामे राज्यातील सत्तेचे भागीदार असलेले दोन पक्षच आपसात वाटून घेत आहेत. पालिकेत भांडायचे आणि मंत्रालयात एकत्र बसायचे, या रीतीत नागरिकाचा प्रश्न कोणाच्याच पदरी पडत नाही. ठाकरे यांच्या पक्षाचे काय होईल ही त्या पक्षाची चिंता झाली. पण नऊ लाखांहून अधिक वस्तीच्या या पट्ट्याला खरा विरोधी पक्षच नसावा, ही येथील प्रत्येक करदात्याची चिंता आहे. ती जागा रिकामी आहे. ज्या पक्षाने एकेकाळी खोली, फलक आणि चार धडपडी पोरे एवढ्यावर ठाणे जिल्हा जिंकला, त्याला ती भरणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी शिवाजी पार्कावरच्या सभेपेक्षा अंबरनाथच्या गल्लीत रोज संध्याकाळी दार उघडणारा माणूस अधिक मोलाचा आहे, हे नेतृत्वाला पटले पाहिजे. ते पटले नाही, तर पुढील निवडणुकीच्या निकालातही या पक्षाची नोंद शोधावी लागेल, आणि त्या वेळी दोष देण्यासाठी निवडणूक आयोगाचे नाव पुढे करता येणार नाही.