गिटारची मान वाकली तर

सहा तारा सुरात लावल्या की इलेक्ट्रिक गिटारच्या मानेवर, म्हणजे नेकवर, साधारण ४५ किलोचा ताण येतो. एक शाळकरी मूल त्या पट्टीला चोवीस तास लटकून आहे असे समजा. त्यात आपला वडोदऱ्याचा कोरडा मे आणि पाठोपाठ दमट श्रावण. लाकूड आक्रसते, फुगते. मान थोडी हलणारच.

म्हणून, माझ्या भाच्याला दुकानात "नेक गेली, नवीच टाका" असे सांगितले, ते मला पटले नाही. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांची गिटार, आणि दांडिया बाजारातल्या गणपतीसमोर वाजवायला बारा दिवस उरलेले.

आपल्या सतारीचे बरे असते. पडदे दोऱ्याने बांधलेले. स्वर हलला तर सरकवून घ्यायचे. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले, त्यामुळे सावरायची ती मानच. त्यासाठी आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यूने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणली. फेंडरने १९५० मध्ये एस्क्वायर गिटार काढली, तेव्हा पहिल्या नगांत सळई नव्हती. मेपलचे लाकूड पुरेसे कठीण आहे असा भरवसा होता. तारांनी तो फार दिवस टिकू दिला नाही, सळई घालावीच लागली.

आता तपासणी. आधी मान धडाला जोडणारे चार स्क्रू बघा. मान हाताने हलते, सांध्यात फट दिसते, बारीक तार कडेकडे सरकते? मग दोष वाकण्याचा नाही, सांध्याचा आहे. भाच्याच्या गिटारचे एक भोक झिजून स्क्रू नुसताच फिरत होता. कठीण लाकडाची बारीक खुंटी फेविकॉल लावून त्यात ठोकली, रात्रभर वाळू दिली, नवे भोक पाडले. खर्च चहाइतका.

मग वाक. तारा सुरात ठेवून जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबा. मधे, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तारेखाली व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. आमच्याकडे जवळपास एक मिलिमीटर होती. तारा जरा सैल करून सळईचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सूर लावून एक दिवस थांबायचे, मग हवा तर आणखी पाव. भाच्याला हे थांबणेच जड गेले! फट नसेल, तारा मधेच झणझणत असतील, तर नट उलटा फिरवायचा.

नट अडला तर मात्र जोर करू नका. आत सळई तुटली की खरेच नवी मान लागते. पट्टी पिळली गेली असेल, एक कड वर, एक खाली, तर तेही घरचे काम नव्हे. गिटार जाणकार कारागिराकडेच न्या.

आमचे काम तीन दिवसांत झाले. बाराव्या पडद्यावर अजून किंचित झणझण आहे. ती पडदा घासून जाईल, पण गणपतीनंतर. सध्या गिटार पत्र्याखालच्या माळ्यावरून उतरवून आतल्या खोलीत ठेवली आहे, आणि वहिनींची कुरकुर सुरू आहे की कपाटापुढची जागा गेली.