उतरताना घाई नको

१४ सप्टेंबर २०२३ रोजी लिअरजेट ४५ हे छोटे विमान मुंबईत उतरताना धावपट्टीशेजारी आदळले. पाऊस मोठा, दिसत होते जेमतेम ७०० मीटर. आतले आठही जण वाचले, हे नशीब.

वैमानिकांचा नियम असा, की ठराविक उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर न्यायचे. त्यात कमीपणा नाही.

ऊसवाहतुकीलाही हाच नियम हवा. वणीकडच्या रस्त्याला पहाटे धुके दाटते, तरी काट्यावर नंबर लागावा म्हणून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रेटला जातो. दिसेना झाले, की रस्ता सोडून थांबा. कारखान्यानेही थांबलेल्याचा नंबर राखावा. ऊस थोडा वाळेल. गेलेला माणूस परत येत नाही.