फायटरचा राग कुणी घडवला?

वालूरहून सेलूला किंवा परभणीला बाजाराला गेलेलं पोर शोभेच्या माशांच्या दुकानापाशी हमखास थांबतं. ओळीने मांडलेले प्लास्टिकचे छोटे डबे, प्रत्येकात झुलत्या परांचा एकच मासा. नाव बेट्टा, पण दुकानात त्याला सगळे ‘फायटर’च म्हणतात. दोन डब्यांमधला पुठ्ठा उचलला, की दोघेही कल्ल्यांची झाकणं फुगवून एकमेकांवर धावतात आणि प्लास्टिकवर आपटतात. बघणारे म्हणतात, जातच रागीट!

तसं नाही. हा राग पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेला आहे, आणि तो वाढवला माणसाने.

या माशाचं मूळ घर म्हणजे थायलंडमधली भातखाचरं, दलदल आणि गवताने भरलेली उथळ डबकी. तिथला रानटी बेट्टा मातकट, तपकिरी रंगाचा असतो. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो. दुसरा नर घरट्याकडे आला तर तो पर पसरून, अंगाचा रंग गडद करून धमकावतो. क्वचित चावाचावी होते. पण खाचर मोठं असतं आणि गवत दाट, त्यामुळे हरणारा निसटतो आणि भांडण काही मिनिटांत मिटतं. जखमी झालेला नर अंडी राखू शकत नाही, म्हणून वेळेवर माघार घेणं हीच रानातली शहाणी चाल.

माणसाने नेमकी ही माघारच मोडून काढली. थायलंडमध्ये झुंजी लावणाऱ्यांनी पळणारा मासा बाजूला काढला आणि टिकणाऱ्याची पैदास केली. आपल्याकडे असील कोंबड्याच्या बाबतीत जे झालं, तेच तिथे माशाच्या बाबतीत. थाई भाषेत त्याचं नावच पडलं ‘प्ला-कट’, म्हणजे चावणारा मासा. 2022 साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या माशांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून दिसतं, की हा मासा किमान हजार वर्षांपासून माणसाच्या हाताखाली आहे. शोभेचे लांब परांचे, निळे-लाल बेट्टे पुढे याच पाळीव कुळातून निघाले. आज थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर मानलं आहे, तो मान 2019 सालचा.

या निवडीचा सर्वांत बोलका पुरावा मात्र माद्यांमध्ये आहे. झुंजीत उतरवतात ते नर, जिंकणारे म्हणून निवडले जातात तेही नरच. तरीही 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झुंजीच्या वाणाच्या माद्या रानटी माद्यांपेक्षा जास्त आक्रमक निघाल्या. त्यांच्यावर कुणी पैज लावली नव्हती, बापाच्या रक्तातून आलेलं त्यांच्याही वाट्याला आलं. त्याआधी 2007 साली रानटी आणि पाळीव नरांची तुलना झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली होती. दोघांमधला फरक परिस्थितीनुसार कमी-जास्त होतो. म्हणजे पाळीव मासाही चोवीस तास चिडलेला नसतो. त्याला चिडवणारं समोर काय ठेवलं आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आणि आपण समोर काय ठेवतो? कधी आरसा, कधी शेजारचा डबा. आरशातला शत्रू कधी पळत नाही, आणि डब्यातल्या माशालाही पळायला जागा नसते. रानात मिनिटांत संपणारं भांडण इथे मोबाइलवर व्हिडिओ पुरा होईपर्यंत चालू राहतं. करमणुकीसाठी प्राण्याला झुंजीला चिथावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, मासाही त्यातच आला. बैल, कोंबडा म्हटलं की हा कायदा आपल्याला आठवतो. डब्यातल्या माशालाही तो तितक्याच गांभीर्याने लागू व्हायला हवा.

‘हा मासा डबक्यात राहतो, मग डबा का नको?’ हा दुकानातला नेहमीचा युक्तिवाद. बेट्टा पाण्यावर येऊन हवा घेतो हे खरं. आपल्या दुधना-गोदावरीतला मरळही घेतो, तो बेट्ट्याचा लांबचा भाऊबंदच. पण म्हणून मरळाला कुणी लोट्यात पाळत नाही. हवेतून श्वास घेता येतो म्हणजे घाण पाणी सोसतं असं नव्हे, आणि खाचर उथळ असलं तरी ते विस्तीर्ण असतं. शिवाय बेट्ट्याला साधारण 24 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली उतरतो. पेलाभर पाणी तेवढ्याच झपाट्याने तापतं आणि थंड होतं.

कंटाळा आला म्हणून मासा गावातल्या पाण्यात सोडून देणं, ही तर दुसरी चूक. वालूरला वळणावळणाच्या पायऱ्यांची देखणी बारव आहे, शेतोशेती विहिरी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात माणसांनी सोडलेले बेट्टे नदीकाठच्या पाणथळीत रुजलेही आहेत. पाहुणा मासा इथल्या पाण्यात काय करील, याचा प्रयोग बारवेवर करायला नको.

पाळायचाच असेल तर पंधरा-वीस लिटरची टाकी, वर झाकण, आत लपायला पाणवनस्पती, आणि नर एकच. दुकानदारांनीही एवढं करावं: डब्यांमधला पुठ्ठा गिऱ्हाइकासमोर उचलू नये, आणि एखाद्या पोराने ‘काका, लढवून दाखवा ना’ म्हटलं, तर त्याला भातखाचरातल्या घरटं बांधणाऱ्या बापाची गोष्ट सांगावी.