रानचा पोशाख आणि शहरची हौस

शिकार गेली, पण शिकाऱ्याचा पोशाख मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या देशातील हौशी शिकारीचा अध्याय मिटला, आणि मिटला हे योग्यच झाले. बंदूक गेली, भेंडाची टोपी गेली, मेलेल्या वाघाच्या मस्तकावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेण्याची चालही गेली. परंतु आज पहाटे ताडोब्याच्या फाटकाशी उभे राहावे, तर उघड्या मोटारींतून आत निघालेल्या कित्येक कुटुंबांच्या अंगावर पानाफांद्यांची नक्षी छापलेले हिरवे कपडे दिसतात. आठ वर्षांचा चिरंजीव, त्याच्या मातोश्री आणि पेन्शनीत निघालेले आजोबा, सर्वांनी एकाच गणवेशात जणू मोहिमेवर कूच केलेले असते. हे सर्व कोणापासून लपण्यासाठी, असा प्रश्न विचारणारास अरसिक ठरविण्यात येते. आम्ही तो अरसिकपणा पत्करून विचारतो.

चितळ-सांबरांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा यांतला भेद नीट उमगत नाही. म्हणून तर नारिंगी वाघ हिरव्या गवतात त्यांना दिसेनासा होतो. त्यांना कळते ती हालचाल, कळतो तो वास आणि आवाज. घरघरणाऱ्या मोटारीत बसून, अत्तर लावून, मोठ्याने बोलत जाणाऱ्या मंडळींनी सदऱ्यावर पाने छापून घेतल्याने चितळाची फसगत ती काय होणार! याउलट, अमेरिकेत जेथे हरणांची शिकार आजही चालते, तेथील अनेक राज्यांत शिकाऱ्याने डोळ्यांत भरणारा भडक नारिंगी रंग अंगावर घातलाच पाहिजे असा कायदा आहे. हरणाला तो रंग जाणवत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला जाणवतो, आणि त्याची गोळी चुकून माणसास लागत नाही. खरा शिकारी असा नारिंगी, आणि आमचा बिनबंदुकीचा शिकारी मात्र पानाफांद्यांत दडलेला!

मोटारीत हा प्रकार केवळ हास्यास्पद आहे. पण तेच कपडे घालून तीच मुले पुढे आषाढ-श्रावणात गडावर जातात, तेव्हा आम्हांस हसू येत नाही. सह्याद्रीत पावसाळी धुके उतरले की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. वाट चुकून कोणी घळीत उतरला, घसरून दरीतल्या झाडीत पडला, तर त्यास शोधावयास जाणाऱ्या गावकऱ्यांना काय दिसावे? तांबडा, पिवळा, नारिंगी कपडा दिसेल. हिरव्यात हिरवा कसा दिसणार? आपलेच मूल सापडू नये अशी तजवीज आपण पदरचे पैसे मोजून करीत आहो, हे किती आईबापांच्या ध्यानात येते?

हा विषय आम्ही आताच हाती घेण्याचे कारण एक यादी आहे. आमच्या एका स्नेह्यांची कन्या महाविद्यालयातील मैत्रिणींबरोबर पावसाळी सहलीस निघाली होती, आणि सहल काढणाऱ्या मंडळींकडून तिला बावीस जिन्नसांची यादी आली. स्नेह्यांनी ती आमच्यापुढे टाकली. अग्रस्थानी उणे दहा अंशांपर्यंतच्या थंडीस पुरेल असे पिसांचे जाकीट. तिसऱ्या क्रमांकावर काळा चष्मा. सतराव्या क्रमांकावर विजेरी, आणि तिच्यापुढे कंसात 'ऐच्छिक' हा शब्द. शिट्टीचा उल्लेखच नव्हता. बेरीज अठरा हजारांच्या घरात जात होती. "एवढे घेऊन दिले म्हणजे निर्धास्त," असे स्नेही म्हणाले. आमचा वाद आहे तो या 'निर्धास्त' शब्दाशी.

रानावनातला जो जो पोशाख खरोखर उपयोगी ठरला, तो कोणत्या तरी एका जागेच्या गरजेतून जन्मला, ही गोष्ट आपण विसरलो आहो. खाकी घ्या. 'खाक' म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरकडील सरहद्दीवर लम्सडेन या अधिकाऱ्याने आपल्या 'गाइड्स' पलटणीला त्या उजाड मुलखाच्या मातीशी मिळतेजुळते कपडे दिले, तेथून ती जगभर गेली. पिसांचा अंगरखा घ्या. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने विमानी फुग्याच्या कापडात पिसे भरून स्वतःसाठी एक कोट करविला. सोबत्यांनी आधी त्याची टर उडविली. पुढे हिमातल्या वाऱ्यात त्यांनाच त्याचा हेवा वाटू लागला. फिंचचा कोट एव्हरेस्टवर शहाणपणाचा होता. तोच कोट जुलैत राजगडावर नेणे म्हणजे पाठीवर ओला कापूस वाहणे होय. कारण पिसे भिजली की चिकटून बसतात, आणि त्यांत अडकून राहणारी जी हवा ऊब देते तीच नाहीशी होते.

आता पाऊस. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा मुलखात पावसापासून पूर्ण बचाव करणारा, तरीही आतला घाम बाहेर सोडणारा कोट म्हणून जो विकला जातो, त्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. १९६९ साली बॉब गोर या अमेरिकन गृहस्थाने एक रासायनिक पदार्थ झटक्यासरशी ताणून त्याचे असे पटल केले, की ज्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफ जाते. शोध अस्सल आहे; आम्ही त्याची निंदा करीत नाही. परंतु वाफ बाहेर जावयाची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. थंड देशात ती तशी असते. आपल्याकडे श्रावणातली कोंदट हवा आधीच पाण्याने भरलेली; तीत आणखी घाम कोठून मावणार? चढ चढणारा गडी अर्ध्या तासात आतून भिजतो, आणि दहा हजारांचा कोट घालूनही तो शंभर रुपयांच्या प्लास्टिकवाल्याइतकाच ओला असतो. या मुलखात कोरडे राहण्याचा हट्टच सोडून द्यावयास हवा. भिजूनही ऊब कशी टिकेल आणि मुक्कामी कोरडे काय नेसावयास मिळेल, एवढाच विचार करावा. अंगात चटकन वाळणारा पातळ कृत्रिम धाग्याचा सदरा, पिशवीत दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधलेला एक लोकरी स्वेटर आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड, यांस फारसा खर्च नाही. सुती जीन मात्र घरी ठेवावी. ती भिजली की शिशासारखी जड होते आणि दिवसभर वाळत नाही. ओल्या सुती कपड्यांनिशी माथ्यावरच्या वाऱ्यात थांबलेल्या माणसाची ऊब पंधरा-वीस अंशांतही झपाट्याने उतरते. आधी हुडहुडी भरते, मग जीभ अडखळते, मग पाय. गडावरचा अपघात या तिसऱ्या पायरीवर घडतो, आणि आपण म्हणतो, 'तोल गेला.'

येथे दुसऱ्या टोकाचे लोक हात वर करतील. मावळ्यांपाशी कोठे होते जाकीट, घोंगडीवर राज्य मिळविले, असे ते अभिमानाने सांगतात. घोंगडीबद्दल आम्हांस आदर आहे. दख्खनी मेंढीची लोकर, सणगरांचे विणकाम आणि चिंचोक्याची खळ यांतून सिद्ध झालेले ते वस्त्र भिजले तरी ऊब धरते. पण ते मेंढरांमागे दिवसभर सावकाश हिंडणाऱ्या, पावसात तासन् तास उभ्या राहणाऱ्या धनगराचे वस्त्र आहे. पाणी पिऊन जड झालेली घोंगडी पांघरून दोर धरून कडा चढू पाहणाराने आपले शेवटचे पत्र घरी लिहून ठेवावे. कोकणातले इरले वाकून लावणी करणाऱ्या पाठीसाठी आहे. बालेकिल्ल्यावरच्या वाऱ्यात ते एक क्षण टिकणार नाही. परदेशी चित्रावरून केलेली नक्कल आणि पूर्वजांच्या चित्रावरून केलेली नक्कल यांत आम्हांस तरी काही फरक दिसत नाही.

पायांविषयी मात्र आम्ही कंजुषी सुचविणार नाही. १९३५ साली आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने खाचाखोचांचा रबरी तळ तयार करण्याचा ध्यास घेतला, आणि १९३७ त तो बाजारात आणला. आजच्या डोंगरी जोड्यांचे तळ त्याच वंशातले. पण येथेही जागा पाहावी लागते. आपला काळा बसाल्ट खडक उन्हाळ्यात घसाऱ्याने आणि पावसाळ्यात शेवाळाने निसटता होतो. त्यावर कडक तळ काचेसारखा सरकतो, मऊ रबर धरते. घोट्यावरचा जलाभेद्य बूट ओढा ओलांडताना वरून भरतो, आणि मग तेच पाणी दिवसभर आत सांभाळतो. त्याहून पाणी निथळून जाणारा हलका जोडा शतपट बरा. दुकानात गालिच्यावर चार पावले टाकून जोडा घेऊ नये. उतारावर उभे राहून बोटे पुढे आपटतात का ते पाहावे, आणि तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. अनेक जोड्यांच्या तळातला फेसाळ थर दमट हवेने आतल्या आत कुजतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी महागडे बूट चार वर्षे कपाटात जपून ठेवले, क्वचितच घातले. अखेर ते घालून गडावर गेले, तेव्हा उतरताना दोन्ही तळ पोळीचा पापुद्रा सुटावा तसे सुटून आले. उरलेली वाट त्यांनी नाडीने तळ बांधून, बसत-बसत संपविली.

राहिली विजेरी. वाट चुकल्यावर अंधार पडतो, आणि अंधारात चालल्याने अपघात होतो, हा क्रम इतका जुना आहे की त्यास पुराव्याची गरज नाही. कपाळावर बांधावयाची विजेरी काही शे रुपयांस मिळते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. मोबाइलचा दिवा एक हात अडकवतो, आणि ज्या घटकेस मदत मागावयाची त्याच घटकेस मोबाइलचा प्राण घेतो. शिट्टीची किंमत चहाच्या दोन पेल्यांइतकी. मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाशाचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच, ही संकटाची खूण डोंगराळ देशांतून सर्वमान्य आहे. आपल्या मुलांपैकी किती जणांना ती शिकविली जाते?

कोणी म्हणतील, ज्यास परवडते त्याने हौस केली तर तुमचे काय जाते? हौसेशी आमचे भांडण नाही. परंतु अठरा हजारांची यादी पाहून शिक्षकाचा, कारकुनाचा मुलगा घरी बसतो, आणि ज्याने ती घेतली तो आपण सुरक्षित आहो असे समजून धुक्यात पुढे जातो. हे दोघेही आमचेच आहेत.

स्नेह्यांच्या परवानगीने ती यादी आम्ही खालून वर लिहून काढली. विजेरी वर घेतली, तिच्यापुढचा 'ऐच्छिक' शब्द उचलून काळ्या चष्म्यापुढे ठेवला, पिसांच्या जाकिटावर काट मारली, तळाशी शिट्टी आणि एक नारिंगी सदरा घातला, आणि यादी सहल काढणाऱ्या मंडळींकडे परत पाठविली. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. कन्या मात्र नारिंगी सदऱ्यात जाऊन आली. सदरा फार भडक आहे, अशी तिची तक्रार आहे.