दांताची सुई आणि भोवळ

आपल्या पुष्कळ घरांत कांहीं वाक्यें अशीं असतात कीं, तीं एकदां उच्चारलीं गेलीं म्हणजे त्यांची पुन्हां कोणी चौकशी करीत नाहीं. "तिला दांताचें इंजेक्शन सोसत नाहीं" हें त्यांपैकींच एक. कधीं काळीं दाढ काढावयास गेलेल्या गृहिणीस सुई टोचल्यावर घाम सुटला, डोळ्यांपुढें अंधारी आली, क्षणभर शुद्ध हरपली. घरीं आल्यावर सर्वांनीं मिळून निर्णय दिला कीं, औषध अंगावर आलें. त्या दिवसापासून त्या बाईच्या दांतांस कोणी वाली राहत नाहीं. दाढ ठणकूं लागली कीं प्रथम लवंगेचें तेल, मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मग वेदनाशामक गोळी. आणि दाढेच्या मुळाशीं झालेला पू पसरून गाल सुजेपर्यंत दंतवैद्याचें नांव निघत नाहीं. पुढें मुलीसही तेंच सांगितलें जातें. एका क्षणाच्या भोवळीची किंमत अशा रीतीनें दोन पिढ्या देत राहतात. म्हणून ही भोवळ म्हणजे नेमकें काय, हें शांतपणें समजून घेणें अगत्याचें आहे.

दंतवैद्याच्या खुर्चीवर जी मूर्च्छा येते, ती बहुतेक वेळां अगदीं साधी मूर्च्छा असते. भय, वेदना किंवा रक्ताचें दर्शन यांचा आघात झाला म्हणजे शरीर प्रथम झुंजीच्या तयारीस लागतें. नाडी जलद चालते. परंतु कांहीं व्यक्तींच्या बाबतींत थोड्याच वेळांत हा डाव उलटतो. व्हेगस नांवाचा मज्जातंतु हृदयाची गति एकाएकीं मंद करतो. त्याच वेळीं रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्त पायांकडे सांचून राहतें आणि मेंदूस होणारा पुरवठा अपुरा पडतो. चेहरा पांढराफटक पडणें, तळव्यांस थंड घाम सुटणें, जांभया, मळमळ, कानांत गुणगुण, डोळ्यांपुढें काळोखी, हीं याचीं पूर्वचिन्हें होत. त्यानंतर कांहीं क्षण शुद्ध जाते. मनुष्य आडवा झाला म्हणजे हृदय आणि मेंदू एका पातळीवर येतात, रक्त परततें, व बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत तो डोळे उघडतो. क्वचित् हातापायांस एक-दोन आंचके येतात. तेवढ्यावरून तें फेफरेंच असें समजण्याचें कारण नाहीं.

ह्यांत औषधाकडे दोष जात नाहीं, हें पडताळून पाहण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. अनेकांस सुई टोचण्यापूर्वीं, नुसती ती हातांत घेतलेली पाहूनच भोवळ येते. कित्येकांस रक्त तपासणीस देतांना किंवा रोगप्रतिबंधक लस टोचून घेतांना हाच अनुभव येतो. तेथें तर दांत बधिर करणारें औषध मुळींच नसतें. शिवाय ही मूर्च्छा नाजूक प्रकृतीच्या स्त्रियांसच येते, ही समजूतही खरी नव्हे. धट्टेकट्टे तरुण पुरुष पुष्कळदां हिला बळी पडतात, कारण भीति वाटत असून ती बोलून दाखविणें त्यांस कमीपणाचें वाटतें. ही मनाची दुर्बलता नसून मज्जातंतूंची एक प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यावर केवळ धीटपणाचा उपदेश चालत नाहीं.

मग औषधास हा बोल कां लागला? त्यास थोडा इतिहासही आहे. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनीं डोळा बधिर करण्यासाठीं कोकेनचा उपयोग दाखवून दिला, व लवकरच दंतवैद्यांनीं तें उचललें. कोकेन हें खरोखरच धोक्याचें द्रव्य होतें. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभीं आल्फ्रेड आइनहॉर्न यांनीं शोधलेलें नोव्होकेन आलें. तें पुष्कळच सौम्य होतें, तरी त्या जातीचीं औषधें कांहीं लोकांच्या अंगावर खरोखर उठत असत. स्वीडनमधील निल्स लॉफग्रेन यांनीं १९४३ सालीं लिडोकेन तयार केलें, व १९४८ पासून तें विक्रीस आलें. आपल्याकडे आज ज्यास लिग्नोकेन म्हणतात तें हेंच. ह्या नव्या जातीच्या औषधाची खरी ॲलर्जी फारच विरळा आढळते. जुन्या औषधांची अपकीर्ति मात्र नव्याच्या माथीं राहून गेली आहे. आणखी असें कीं, त्या काळीं रोग्यास ताठ बसवून दांत काढीत, त्यामुळें मूर्च्छेस वाव अधिक मिळे. आज खुर्ची मागें कलती करून रोग्यास जवळजवळ निजवितां येतें, हा लहानसा फरक फार मोलाचा आहे.

दुसरें एक कारण समजून घेण्याजोगें आहे. बधिरता अधिक वेळ टिकावी व रक्त कमी जावें म्हणून ह्या औषधांत पुष्कळदां ॲड्रिनलिन मिसळलेलें असतें. प्रमाण अगदीं अल्प, ८०,००० भागांस एक किंवा २,००,००० भागांस एक. त्याचा थोडा अंश रक्तांत लवकर गेला कीं छाती धडधडते, हात कांपतात, जीव घाबरा होतो. कांहीं मिनिटांत हें आपोआप ओसरतें. परंतु ज्यास हें आधीं कोणी सांगितलेलें नसतें, त्यास वाटतें कीं आपलें हृदयच बंद पडत आहे. त्या भयानें पुढची मूर्च्छाही ओढवते. सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित् मागें ओढून, ती रक्तवाहिनींत शिरली नाहीं ना हें पाहणें, आणि मग औषध अगदीं सावकाश सोडणें, ही दंतवैद्याची खबरदारी ह्याचसाठीं असते.

आमच्या नगर जिल्ह्यापुरतें पाहिलें तर ह्या विषयास आणखी एक बाजू आहे. आतां अहिल्यानगर नांव पावलेला हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. तालुके १४ आणि विस्तार सुमारें १७,००० चौरस किलोमीटर. लोणी येथें प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेचें ग्रामीण दंतमहाविद्यालय आहे, संगमनेरासही दंतमहाविद्यालय आहे, नगर शहरांत दंतवैद्यांची वाण नाहीं. परंतु अकोल्याच्या डोंगराळ भागांतून किंवा पाथर्डी-जामखेडाकडील खेड्यांतून येणारा रोगी पहांटे उठून एस्. टी. नें निघतो, उन्हांत उतरतो, आपली पाळी येईपर्यंत बांकावर बसून राहतो; रात्रभर दाढेनें झोंप दिलेली नसते आणि चावतां येत नाहीं म्हणून आदल्या दिवसाचें जेवणही अर्धवटच झालेलें असतें. अशा शरीरास सुईचें भय म्हणजे केवळ निमित्त होतें.

सुशिक्षित घरांत ह्याच गोष्टीस वेगळें रूप येतें. संकष्टीचा किंवा एकादशीचा उपवास, त्यांतही कित्येक भगिनींचा निर्जळी. आणि "आज सुट्टी आहे, तेवढें दांताचें उरकून घेऊं" म्हणून त्याच दिवशीं दवाखाना. दुसरी समजूत अशी कीं, इंजेक्शन घ्यावयाचें तर पोट रिकामें हवें. संपूर्ण भूल किंवा गुंगीचें औषध द्यावयाचें असेल तर ती आज्ञा डॉक्टर स्वतः देतात, आणि ती कसोशीनें पाळावी. केवळ हिरडी बधिर करावयाची असेल तर त्यापूर्वीं तास-दोन तास नेहमींचा हलका आहार आणि पुरेसें पाणी घेतलेलें असावें. मधुमेह असणाऱ्यांनीं तर हें कटाक्षानें पाळावें. इन्शुलिन किंवा गोळी घेऊन वर उपाशी राहिल्यास रक्तांतील साखर उतरते, आणि त्या वेळचा घाम, कंप व घेरी साध्या मूर्च्छेसारखीच दिसते. परंतु तिचा उपाय निराळा. रोगी शुद्धीवर असेल व गिळूं शकत असेल तर त्यास ताबडतोब साखर द्यावी. व्रताचें पुण्य एक दिवस पुढें ढकलल्यानें उणें होत नाहीं. दंतवैद्याची वेळच दुसऱ्या दिवशीं घेतली तर दोन्हीही साधतात.

प्रत्यक्ष भोवळ आली असतां काय करावें? आपला पहिला आवेग असा कीं, मनुष्यास धरून उठवावें, बसतें करावें, तोंडास पाणी लावावें, नाकाशीं कांदा धरावा. ह्यांतील बसतें करणें हें मूर्च्छा लांबविणारें, आणि बेशुद्धास पाणी पाजणें हें श्वासनलिकेंत पाणी जाण्याचें भय असलेलें. करावयाचें तें एवढेंच: तोंडांतील कापूस वगैरे काढून घ्यावा, त्यास सपाट निजवावें, पाय हृदयाहून थोडे उंच करावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, गर्दी हटवावी. दिवस भरत आलेल्या गर्भवतीस मात्र उताणी न ठेवतां डाव्या कुशीवर वळवावें. शुद्ध आल्यावरही घाईनें उठवूं नये. दहा-पंधरा मिनिटें निजूं द्यावें, मग बसवावें, मग उभें करावें. त्या दिवशीं तिनें स्वतः वाहन चालवूं नये. पूर्वचिन्हें जाणवतांच मांड्या व पोटऱ्या घट्ट आवळून धरल्या तर रक्त वर ढकललें जातें आणि पुष्कळदां मूर्च्छा टळतेही.

परंतु प्रत्येक घेरी निरुपद्रवी समजणें ही दुसरी चूक होईल. अंगावर गांधी उठणें, ओठ किंवा पापण्या सुजणें, घसा आवळणें, श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज येणें, हीं खऱ्या ॲलर्जीचीं लक्षणें. तेथें एक क्षणही दवडूं नये. अशा वेळीं दंतवैद्य मांडींत ॲड्रिनलिनचें इंजेक्शन देतात; ज्या द्रव्यानें छाती धडधडली म्हणून आपण भितों, तेंच येथें प्राण वांचवितें. तोंडांत धातूसारखी चव, असंबद्ध बडबड, स्नायू फडफडणें, आंचके, हीं औषध रक्तांत अति गेल्याचीं चिन्हें. लहान मुलें व कृश वृद्ध यांच्या बाबतींत वजनाप्रमाणें मात्रा मोजणें ह्याकरितांच आवश्यक असतें. छातींत कळ येणें, किंवा निजवूनही कांहीं मिनिटांत शुद्ध न येणें, हें दिसतांच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आतां मुख्य गोष्ट. भोवळ आली तर ती नुसती विसरूं नये, तशीच तिला मनाजोगें नांवही देऊं नये. दंतवैद्यास विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवावें: कोणतें औषध, किती, ॲड्रिनलिनसह कीं त्यावांचून, सुईनंतर किती वेळानें घेरी आली, नाडी मंद होती कीं जलद, अंगावर कांहीं उठलें होतें काय, आदल्या घासास किती तास झाले होते, नेहमींचीं औषधें कोणतीं. ही चिठ्ठी पुढच्या वेळीं प्रथम दाखवावी. ॲलर्जीचा खरोखर संशय असेल तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, म्हणजे एकतर संशय फिटेल, नाहीं तर चालणारें दुसरें औषध ठरेल. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनीं आपली प्रकृति लपवूं नये, आणि नेहमींची गोळी आपल्या मतानें बंदही करूं नये.

एवढें सर्व सामान्य गृहिणीस कसें जमेल, असें कोणी म्हणेल. ह्याच जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येक अक्षरशत्रु स्त्रियांस आरोग्यरक्षणाचें शिक्षण दिलें, आणि त्या स्त्रियांनीं आपापल्या गांवांचें आरोग्य सांभाळून दाखविलें. त्यांस जें साधलें, त्याच्या मानानें मूर्च्छिताचे पाय उंच करणें व एक चिठ्ठी लिहिणें हें आपणांस जड जाऊं नये.

घरांतील वडील मंडळींस एकच विनंति आहे. "ऐकलें नाहींस तर डॉक्टर सुई टोचतील" हा धाक मुलांस घालूं नये. तो धाक बालपण सरल्यावरही सरत नाहीं. तोच पुढें दवाखान्याच्या खुर्चीवर भोवळ होऊन उभा राहतो. आणि ज्या घरीं "तिला इंजेक्शन सोसत नाहीं" हें वाक्य रूढ झालें असेल, तेथें चौकशीअंतीं खरोखर साधी मूर्च्छाच ठरली, तर त्याऐवजीं आजपासून असें म्हणावें: "तिला सुईच्या वेळीं घेरी येते, तिला खाऊन न्या, आणि निजवून सुई द्या."